बांधावरचा रकाना

कीड सर्वेक्षकाच्या तक्त्यात शेताच्या आतलं सगळं मांडलेलं असतं. गाव, गट नंबर, पीक, वाण, लागवडीची तारीख. मग मोजणी. कपाशीच्या पानाखाली तुडतुडे किती, फुलकिडे किती, पांढरी माशी किती. पात्या, फुलं, बोंडं किती किडलेली. कामगंध सापळ्यात रात्रीतून किती पतंग पडले. पानामागे दोन-तीन तुडतुडे भरले की आर्थिक नुकसानीची पातळी आली. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की गुलाबी बोंडअळीची पातळी आली. २००८ साली विदर्भात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर राज्यानं गावोगावची किडींची खबर हंगामभर गोळा करायची पद्धत बसवली. तिला क्रॉपसॅप म्हणतात. अमळनेर तालुक्यात मी त्या कामावर हंगामी कीड सर्वेक्षक म्हणून लागलो तेव्हा प्राणिशास्त्राची पदवी हातात होती आणि कपाशीच्या किडी पुस्तकातून पाठ होत्या.

तक्ता पिकासाठी असतो आणि पिकापुरतं त्याचं काम चोख आहे. पण शेतात उतरायचं तर बांध ओलांडावा लागतो, आणि आमच्याकडच्या बांधावर काय नसतं! रुई, बोर, पेटारी, टाकळा, घाणेरी, बाभूळ, हिवर, कडुनिंब, नाल्याच्या कडेला एखादा उंबर. सापळ्याकडे जाता-येता मी बांधावर रेंगाळू लागलो आणि खिशातल्या वेगळ्या वहीत लिहू लागलो. किडा कोणता, बसला कशावर, जमीन कसली, तारीख काय. या चारांतला दुसरा रकाना सगळ्यांत मोलाचा आहे, हे त्या वहीनंच मला दाखवलं. किड्याचं नाव पुढं कधीतरी जाणकाराला विचारून लावता येतं. तो कोणतं झाड खात होता हे मात्र तिथंच, त्याच वेळी टिपावं लागतं. ते हुकलं तर नाव लागूनही तो किडा बेवारसच राहतो. जुन्या संग्रहातल्या एखाद्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर नुसतं ‘खानदेश’ लिहिलेलं असेल, तर त्यातून काय समजणार? १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होण्याआधीच्या खानदेशात सातपुड्यातला साग होता, तापीकाठची काळी जमीन होती आणि धुळ्याकडचे उघडे गवताळ माळही होते. त्यातल्या कोणत्या जागी तो किडा जगत होता, ते त्या चिठ्ठीवरून सांगता येत नाही.

अमळनेर तालुका नकाशात छोटा दिसतो, पण किड्यांच्या हिशेबानं त्यात बरेच मुलूख आहेत. गावातून वाहणारी बोरी उत्तरेला तापीला मिळते. मारवड, पातोंडा या पट्ट्यात खोल काळी जमीन. तिथं खरिपात कपाशी आणि मका, रब्बीत हरभरा, आणि अजून काही शेतांत दादर ज्वारी. जळोदकडे तापीच्या काठाला गेलं की गाळाची जमीन पावसानं चिरत जाऊन घळी पडलेल्या दिसतात. त्यांच्यात नांगर चालत नाही, म्हणून बोरी-बाभळी तगल्या आहेत. पारोळ्याकडे सरकलं की जमीन हलकी आणि मुरमाड होते, कुसळी गवत दिसू लागतं. आणि तापीचा पूल ओलांडून चोपड्याच्या पुढं गेलं की सातपुड्याचा पायथा. पाऊस सगळीकडे बेताचाच. सहाशे-सातशे मिलिमीटर पडला तर लोक समाधानी असतात. एवढ्या जवळजवळच्या जागांमध्ये किडे कसे वाटले गेले आहेत, कोण कोणत्या झाडाला बांधलेला आहे आणि कोण कुठंही निभावून नेतो, हाच माझ्या कामाचा खरा विषय होऊन बसला.

त्याची निकड मला २०१७ च्या हंगामानं पटवली. त्या वर्षी राज्यभर गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली. या अळीचा डाव आतून चालतो. अंड्यातून निघालेली अळी फुलात शिरते आणि पाकळ्या आतून जाळ्यानं बांधते, त्यामुळे फूल उमलतच नाही. त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर शिरल्याचं भोक बुजून जातं, बोंड बाहेरून हिरवंगार आणि टणक. वेचणीला आल्यावर कळतं की कापूस पिवळट पडलाय, कवडी झालाय आणि सरकी पोकळ आहे. पातोंड्याच्या बाजूला एका शेतात मी शेतमालक नानांसोबत बोंडं फोडत बसलो होतो. चार फोडली की दोन-तीन किडकी निघत होती. नानांनी विचारलं, “भाऊ, हाई अळी कोठून उनी?”

हा प्रश्न वरवर साधा आहे, पण त्याच्या उत्तरात सगळं शास्त्र आहे. बीटी कपाशी आपल्याकडे २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली. तिच्या अंगातलं विष मुख्यतः बोंडअळ्यांसाठीच होतं. हिरवी अमेरिकन बोंडअळी तिला बराच काळ वचकून राहिली, पण गुलाबी अळी काही वर्षांतच तिला सरावली. गुजरातमध्ये एका जनुकाच्या कपाशीवर ती टिकते, हे २०१० सालीच जाहीर झालं होतं. दोघींमधला फरक त्यांच्या खाण्यात आहे. हिरवी अळी हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून असते, तुरीच्या शेंगा पोखरते, टोमॅटोत शिरते, आणि कितीतरी रानझाडांवरही जगते. विषाची गाठ न पडलेले पतंग या सगळ्या झाडांवरून येत राहतात आणि विषाला सरावलेल्यांत मिसळतात, म्हणून तिची सगळी जमात एकदम सरावत नाही. गुलाबी अळीला मात्र जवळपास कपाशीच लागते. भेंडी-अंबाडीवर ती सापडते, पण पोट भरायचं ते कपाशीवर. सगळं शिवार बीटीचं असेल, तर तिची प्रत्येक पिढी त्याच विषातून गाळून निघते, आणि उरतात त्या विषाला न जुमानणाऱ्याच.

म्हणूनच बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर बीटी सरकीची वेगळी पुडी येत असे. ती शेताच्या कडेनं लावायची, म्हणजे त्या झाडांवर विष न चाखलेले पतंग तयार होतील. फार थोड्या शेतांत ती पुडी मातीत गेली. कारण समजण्यासारखं आहे. मुद्दाम अळीसाठी झाडं वाढवायची, हे घाम गाळणाऱ्या माणसाला कुणी नीट बसून समजावून सांगितल्याशिवाय पटत नाही.

नानांना मी त्यांच्या घरामागे घेऊन गेलो. तिथं गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. चुलीला जळण म्हणून खानदेशात घरोघरी असतो. त्यातली न उमललेली, काळी पडलेली बोंडं तोडून फोडली. एकात दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या उकलल्यावर मधोमध गुलाबी अळी निघाली, निपचित पडलेली, पण जिवंत. उन्हाळा ती अशीच काढते. पाऊस पडून हवेत ओल आली की कोष आणि मग पतंग. शेत जवळ असेल तर उडायलाही फारसं लागत नाही. “नाना, ती बाहेरून आली नाही. ती इथंच होती,” एवढंच मी म्हणालो. नानांनी तो ढीग दुसऱ्याच दिवशी हलवला.

ठिबक आल्यापासून आपल्याकडे मे महिन्यातच पूर्वहंगामी कपाशी लावायची चाल पडली. तिची फुलं लवकर येतात, आणि उन्हाळ्यातून उठलेल्या पहिल्याच पतंगांना अंडी घालायला जागा मिळते. दुसऱ्या टोकाला फरदड. शेवटची वेचणी झाली तरी पाणी देऊन कपाशी मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवायची. म्हणजे एका झाडावर जगणाऱ्या अळीला आपणच वर्षातले दहा-अकरा महिने ते झाड हजर ठेवलं. सरकारनं पुढं जूनच्या आधी कपाशीचं बियाणं विकायला मनाई केली, जिनिंगमध्ये सापळे लावायला सांगितलं, डिसेंबर-जानेवारीत कपाशी उपटायचा आग्रह धरला. या सगळ्यामागे एकच विचार आहे. अळीचं झाड काही महिने शिवारातून नाहीसं झालं पाहिजे. फवारणीपेक्षा हा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि तो एकट्यादुकट्यानं करून भागत नाही, गावानं करावा लागतो.

किडा आणि झाड यांची बांधिलकी किती पक्की असू शकते, ते पाहायला रुईसारखी जागा नाही. रुईचा चीक जनावर तोंडात धरत नाही. बकरीही सहसा रुई सोडून पुढं जाते. पण त्याच रुईवर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा रंगीत टोळ अंगावर ऊन घेत बसलेला असतो. बिबळ्या कडवा फुलपाखराची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या वळ्यांची अळी पान कुरतडत असते. कोवळ्या शेंड्यावर पिवळाजर्द मावा दाटीनं असतो. हे तिघंही भडक रंगाचे आहेत, कारण झाडाचं विष पचवून अंगात साठवलेलं असतं आणि रंग हा पक्ष्यांना दिलेला इशारा असतो. सर्वेक्षक म्हणून मला यातला मावा सर्वांत महत्त्वाचा. हा पिवळा मावा रुई-कण्हेरीच्या कुळाबाहेर सहसा जात नाही. कपाशीला त्याचा धोका नाही. पण त्याच्यावर जगायला ढालकिडे येतात, सिरफिड माशा येतात. जून-जुलैत कपाशी चार पानांवर असते, तिच्यावर अजून काही नसतं, तेव्हा ढालकिड्यांची पहिली पिढी बांधावरच्या रुईवर पोसली जाते. पुढं कपाशीवर हिरवट मावा चढला की हेच ढालकिडे शेतात उतरतात. त्यांच्या राखाडी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या पाहून कितीतरी शेतकरी त्यांनाच कीड समजतात आणि फवारा मारतात. मी त्या अळ्या तळहातावर घेऊन दाखवत असे, आणि मावा खाताना त्या दिसल्या की बघणाऱ्याचा चेहरा बदलत असे.

पेटारीचं तसं नाही. पेटारी, रानभेंडी, अंबाडी ही कपाशीच्याच गणगोतातली झाडं. ठिपक्यांची बोंडअळी, लाल ढेकूण, पिठ्या ढेकूण, सगळ्यांना ती चालतात. २००५ नंतर देशभर कपाशीवर पिठ्या ढेकणाचं संकट आलं. हा परदेशातून आलेला किडा. झाडाच्या शेंड्यावर पांढरं पीठ सांडल्यासारखं दिसतं आणि शेंडा आकसतो. तो आधी बांधावरच्या पेटारीवर आणि गाजर गवतावर वाढायचा, मग कडेच्या ओळींत यायचा आणि मुंग्यांच्या पाठराखणीनं आत सरकायचा. पण काही वर्षांत त्याच्या मागोमाग एनासियस नावाची बारीक काळी गांधीलमाशीसारखी माशी पसरली. ती पिठ्या ढेकणाच्या अंगातच अंडं घालते. आतून पोखरलेला ढेकूण तपकिरी, कडक होऊन पानाला चिकटून राहतो, आणि एका टोकाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते. पेटारीच्या खोडावर असे कडक झालेले ढेकूण भिंगातून मोजायचा मला नाद लागला. फवारणी नसलेल्या बांधावर ते जास्त सापडत. कीड आणि तिचा काळ, दोघं एकाच झाडावर नांदत होते, आणि तक्त्यात त्या झाडाला रकाना नव्हता.

काही किड्यांना जगायला दोन झाडं लागतात, आणि हुमणी त्यातली आमच्याकडची सगळ्यांत ठळक. जमिनीत ती पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी असते. भुईमूग, ज्वारी, मका, ऊस, कुणाचीही मुळं खाते. पण तिचे भुंगेरे झाडपाला खातात, आणि त्यांना कडुनिंब, बाभूळ, बोर ही झाडं हवी असतात. बोरीकाठच्या हलक्या जमिनीतल्या एका वस्तीवर मी दरवर्षी मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतरची संध्याकाळ काढतो. दिवस मावळला, थोडा अंधार पडला की जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघू लागतात आणि आवाज करत निंबाकडे जातात. अर्ध्या-पाऊण तासात फांद्या लगडतात. नर-मादी तिथंच जुळतात, रात्रभर पाला खातात, पहाटे पुन्हा मातीत. मादी जवळपासच्याच जमिनीत अंडी घालते, त्यामुळे झाडालगतच्या तासांना मार जास्त बसतो. वर्षाला एकच पिढी. म्हणजे या आठ-पंधरा संध्याकाळी हाती लागलेली प्रत्येक मादी म्हणजे सप्टेंबरात वाचलेली मुळं.

त्या वस्तीवर सगळे एकत्र येतात. निंबाखाली जुन्या साड्या, ताडपत्र्या अंथरायच्या, लांब काठीनं फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. पोरं या कामात मोठ्यांच्या पुढं असतात. पण एकट्या शेतकऱ्यानं स्वतःचं निंब झाडून भागत नाही, शेजारच्या बाभळीवरचे उरतातच. मी तिथं झाडनिहाय नोंद ठेवतो. माझ्या वहीत निंब कायम पुढं आहे, बाभूळ दुसरी आणि बोर बरीच मागे. निंब तोडा, असं कुणी सुचवलं तर मी स्पष्ट नाही म्हणतो. सापळा म्हणून इतकं उपयोगी दुसरं झाड नाही. भुंगेरे कुठं येणार ते आधीच ठाऊक असणं यापेक्षा मोठी सोय कोणती?

लाल ढेकणानं मला सातपुड्यात नेलं. काळे ठिपके, लाल अंग, पोटावर पांढरे पट्टे. उमललेल्या कपाशीच्या बोंडात हे जथ्यानं बसतात, सरकीतला रस ओढतात आणि कापसाला डाग पाडतात. मला प्रश्न पडला होता की कपाशी उपटल्यावर हे जातात कुठं. पेटारीवर थोडे दिसायचे, पण तेवढ्यानं हिशेब लागत नव्हता. चैत्रात चोपड्याच्या पुढं यावल अभयारण्याच्या बाजूनं फिरत असताना सावरीची बोंडं फुटलेली दिसली. खाली पांढरा कापूस पसरलेला, आणि त्यावर, बुंध्यावर, सावरीच्या बियांवर हेच लाल ढेकूण, पिलांसकट, शेकड्यांनी. सोबत एक पावरा काका होते. त्यांना माझं नवल वाटलं. ते म्हणाले, सावर फुटली की हे असतातच, त्यांच्या लहानपणापासून. सावर आणि कपाशी वनस्पतिशास्त्रात जवळच्या नात्यातल्या. आपण कपाशीची कीड म्हणतो, पण या लाल ढेकणाला सावरीच्या बियाही तितक्याच चालतात. सावरीचा हंगाम संपतो तेव्हा खाली मैदानात पेरणीची तयारी सुरू झालेली असते.

त्याच जंगलात सागाची गोष्ट पाहण्यासारखी आहे. जून-जुलैत नवी पालवी येते तेव्हा एक अळी अख्खी पानं संपवते, फक्त मोठ्या शिरा ठेवते. पावसाच्या शेवटी दुसरी अळी येते आणि पानाचा गर खाऊन शिरांची बारीक जाळी ठेवते. एकाच झाडावर, एकाच वर्षात, दोघींनी काळ वाटून घेतलाय. सागाच्या शेजारच्या अंजनाला, सालईला त्या शिवत नाहीत. मिश्र जंगलात अळीला साग शोधत जावा लागतो. ओळीनं सागच लावलेल्या रोपवनात ती एका झाडावरून दुसऱ्यावर जाते, वाटेत अडथळा नाही. कपाशीच्या शिवाराशी याचं साम्य कुणालाही दिसेल.

सातपुड्यात उभं राहिलं की मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आठवतात. १९४९ च्या सुमारास त्यांनी मांडलं की ईशान्येकडचे, मलायाकडच्या नात्याचे डोंगरी ओढ्यांतले मासे सातपुड्याच्या रांगेवरून सह्याद्रीत पोचले असावेत. शास्त्रज्ञांत त्यावर बरेच वाद झाले, अजूनही आहेत. पण सातपुड्याच्या उतारावरून खाली तापीचं सपाट, तापलेलं खोरं बघताना त्या विचाराची ओढ कळते. वर ओल धरून असलेल्या दऱ्या, खाली पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा. ओलीवर जगणाऱ्या किड्याला हे खोरं ओलांडणं सोपं नाही.

आणि इथं झाडाचा हिशेबही अपुरा पडतो. लिंबू अमळनेरच्या मळ्यांत आहे. त्यावर काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं लिंबावरचं फुलपाखरू सर्रास असतं; लहानपणी त्याची अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, वाढल्यावर हिरवी होते आणि डिवचलं की लाल शिंगं बाहेर काढते. नीलवंत फुलपाखराच्या अळीलाही लिंबाच्याच कुळातली झाडं लागतात. २०१५ साली महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखरू केलं. पण आमच्या मळ्यात लिंबू असूनही मी नीलवंत कधी पाहिलेलं नाही. त्याला सावली आणि ओल हवी. झाड मिळालं म्हणजे पोटाची सोय झाली, घर मिळालं असं नाही. चतुरांचं तर याहून वेगळं; त्यांना झाडाशी देणंघेणं नाही, पिलांसाठी पाणी पाहिजे. पावसाळ्यात अमळनेरच्या मैदानांवर थव्यानं घिरट्या घालणारा सोनेरी-तांबूस भटका चतुर पुढं हिंद महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातो. बोरीच्या डबक्यात वाढलेला एखादा त्या थव्यात असेल, या विचारानं मला अजूनही भरून येतं.

उलट उदाहरणही रस्त्याच्या कडेलाच आहे. गाजर गवत १९५५ साली पुण्याजवळ आढळलं आणि देशभर पसरलं. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा शास्त्रज्ञांनी १९८४ साली बंगळुरूजवळ सोडला. पोशिंदं झाड इथं आधीच सगळीकडे होतं, त्यामुळे भुंगा त्याच्या मागोमाग पसरत गेला. जुलै-ऑगस्टमध्ये तो गाजर गवताचा पाला फस्त करतो. पाऊस सरला की तो मातीत जातो आणि थेट पुढच्या पावसाला येतो. गवत मात्र ठिबकच्या पाण्यावर हिवाळ्यातही फोफावतं. झाड आणि किडा एका जागी असूनही त्यांचे महिने जुळले नाहीत तर गाठ पडत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या केळी पट्ट्यात २०२० साली हरण्या रोगानं बागा पिवळ्या पट्ट्यांनी भरल्या. त्या रोगाचा विषाणू मावा नेतो, आणि तो विषाणू बागेशेजारच्या काकडीवर्गीय पिकांत आणि तणांत असतो. केळीच्या झाडाकडे कितीही बारकाईनं बघितलं तरी उत्तर बागेबाहेर होतं.

म्हणून बांध जेसीबीनं साफ होताना मला मनापासून वाईट वाटतं. दोन तासं वाढतात हे खरं आहे, आणि जमीन तुकड्यांत वाटली गेलेल्या माणसाला दोन तासांची किंमत मला सांगायची गरज नाही. मजूर मिळत नाहीत, निंदणी परवडत नाही, म्हणून तणनाशक मारलं जातं आणि बांधावर पिवळा पट्टा पडतो. पण बोरीच्या फांदीत पोळं लावणारी फुलोरी मधमाशी त्या पट्ट्यात राहत नाही. रुईवरचे ढालकिडे राहत नाहीत. उंबराचं तर आणखी नाजूक. उंबराच्या आतली फुलं फक्त त्याचीच इवलीशी माशी फळवू शकते, आणि तिचं प्रौढ आयुष्य जेमतेम एखाद-दोन दिवसांचं. एका उंबरातून निघाल्यावर तेवढ्या वेळात दुसरा, नेमका फळायच्या बेतात असलेला उंबर सापडायला हवा. नाल्याकाठचे उंबर एकेक करून जात राहिले तर उरलेल्यांची माशीशी गाठ पडणं अवघड होत जाईल.

दुसरीकडे, बांधावरचं सगळंच राखा, असंही मी म्हणत नाही. ते खोटं होईल, आणि शेतकऱ्याला ते लगेच कळतं. शिरूडच्या बाजूला एका शेतात गेल्या उन्हाळ्यात हीच चर्चा झाली. आबांनी दोन्ही बांध सपाट करायला जेसीबी ठरवला होता. मी म्हणालो, “आबा, आधी फेरी मारू. काय ठेवायचं ते एकेक झाड बघून ठरवा.” आम्ही चालत निघालो. पेटारी आणि रानभेंडी दिसली तिथं मी स्वतः म्हटलं, हे कपाशीला पाती लागायच्या आत उपटा. गाजर गवत फुलावर यायच्या आत काढा. रुईपाशी आबा म्हणाले, “हाई ते इखारी. हिना काय उपेग?” उन्हाळा होता, तरी शेंड्यावर थोडा मावा होता आणि त्यात दोन ढालकिडे होते. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग नातवाला बोलावून दाखवलं. बोरीत फुलोरीचं पोळं होतं, ते त्यांना ठाऊकच होतं. मध त्यांनी लहानपणी काढलेला. निंब हुमणीसाठी ठेवायचं हे त्यांनी माझ्याआधी सांगितलं.

पूर्वेच्या बांधाबद्दल शेजाऱ्याशी जुनी कुरबुर होती आणि त्यावर मुख्यतः पेटारी आणि घाणेरीच होती. तो गेला. पश्चिमेचा बांध, रुई, बोर आणि दोन निंबांसकट, त्यांनी राखला. शेतात कपाशीच आहे, एकच वाण, एकाच दिवसाची लागवड. या खरिपात दोन्ही कडेच्या पहिल्या दहा ओळींत मावा किती, तुडतुडे किती आणि ढालकिडे किती, हे मी एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं मोजणार आहे. तक्त्याच्या शेवटी ‘बांध’ असा रकाना हातानं आखून घेतला आहे, आणि मोजायला आबांचा नातू येणार आहे.